सात किलो उतरवले आणि पाटावरून उठता येईना

मागच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. धाकट्या दिरांकडे सत्यनारायण होता, डोंबिवलीला. त्यांच्याकडे अजून खाली पंगत बसते, पाट मांडून, आणि "वहिनी तुम्हाला खुर्ची देऊ का" असं तीनदा विचारून झालं तरी मी ताठ्यात नको म्हंटलं, कारण जानेवारीपासून डाएट करून मी चांगले सात किलो उतरवले होते आणि अंगात थोडी मिजासच होती. जेवण झालं, प्रसादाचा शिरा दोनदा घेतला, आणि उठायला गेले तर उठताच येईना. गुडघा दुखत होता म्हणावं तर तसंही नाही. मांडीत जोरच नव्हता. हात टेकला, अर्धी उठले, परत बसले. शेवटी दोन सुनांनी काखेत हात घालून उचललं, गुरुजी बिचारे हात पुढे करून उभे, आणि मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं एवढी बारीक झालीस ना, मग आता काय झालं?"

टोमणा होता, पण प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधण्यात माझं पुढचं वर्ष गेलं म्हणून हे लिहितेय.

आधी माझी कुंडली सांगते. वय ६६, उंची पाच फूट एक इंच, वजन तेव्हाच्या जानेवारीत ७४. चौतीस वर्षं खुर्चीतली नोकरी. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी चाळीस मिनिटं चालते, पाऊस असला तर पार्किंगमधे चालते, पण चुकवत नाही. बीपीची एक गोळी, शुगर काठावर. मे मधे भाच्याचं लग्न होतं म्हणून डाएट धरलं, धरलं म्हणजे काय तर रात्रीचं जेवण बंद, सकाळी सूप, दुपारी एक भाकरी आणि भरपूर काकडी-टोमॅटो. एका बाईंनी पैसे घेऊन व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला होता, त्यात डाळ आठवड्यातून तीनदाच होती, पचायला जड म्हणून. ७४ चे ६७ झाले. लग्नात प्रत्येकाने कौतुक केलं, ब्लाऊज आत घ्यावे लागले, मी खूश. फक्त लग्नाच्या हॉलचे जिने चढताना कठडा धरावा लागत होता, त्याला मी दगदगीचं नाव दिलं.

डोंबिवलीच्या प्रकारानंतर आठवड्याने आमच्या डॉक्टरांनी एका फिजिओकडे पाठवलं. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. मला वाटलं आता गुडघ्याला शेक देईल, मशीन लावेल. तिने काय केलं तर एक साधी बिनहाताची खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "काकू, हात छातीवर आडवे घ्या आणि पाच वेळा उठून बसा, जमेल तितक्या लवकर." हातात स्टॉपवॉच. पहिल्यांदा उठले, दुसऱ्यांदा उठले, तिसऱ्या वेळी पुढे झोकांडी देऊन उठले, पाचवी वेळ होईपर्यंत १९ सेकंद. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मधे जे मोजमाप ठरवलंय त्यात १२ सेकंद किंवा जास्त लागले की धोक्याची घंटा. मग एक पकड मोजायचं यंत्र दिलं, दाबा म्हणाली. १५ किलो. बायकांना १८ च्या खाली आणि पुरुषांना २८ च्या खाली आलं की कमी धरतात. (तेव्हा आठवलं, लोणच्याच्या बरणीचं झाकण मी वर्षभर ह्यांच्याकडूनच उघडून घेत होते.) मग टेप घेऊन पोटरी मोजली, ३५ सेंटीमीटर भरली. बायकांना ३३ च्या वर असली की ठीक समजतात असं तिनेच सांगितलं, मी लगेच म्हंटलं बघ, ह्यात तरी पास. तर हसून म्हणते, "काकू, ही चरबीची पोटरी आहे. लठ्ठ माणसात टेप फसते."

डेक्सा नावाचा एक स्कॅन असतो, हाडांची घनता बघायला करतात तोच, त्यात स्नायू किती आणि चरबी किती हेही कळतं. तो केला. सात किलो उतरवून, त्यातले दोन परत येऊन, अंगात ४४ टक्के चरबी आणि हातापायाचे स्नायू वयाच्या मानाने कमी. म्हणजे एकाच वेळी लठ्ठ पण आणि वाळलेली पण. मला हे पचायलाच वेळ लागला, कारण आपल्या डोक्यात अशक्त म्हातारी म्हणजे काटकुळी, हाडं दिसणारी. गुटगुटीत बाईला कोण अशक्त म्हणेल, उलट "तब्येत चांगली आहे हो तुमची" म्हणतात.

ह्याला सार्कोपेनिक ओबेसिटी म्हणतात. सार्कोपेनिया हा शब्द अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग ह्या माणसाने १९८८ मधे काढला, ग्रीक शब्द जोडून, मांस कमी होणं अशा अर्थाचा. त्याच्या आधी ह्याला नावच नव्हतं, सगळे म्हातारपण म्हणायचे. आजारांच्या अमेरिकन यादीत त्याला स्वतःचा कोड मिळाला तो पण २०१६ मधे, म्हणजे मी रिटायर व्हायच्या सुमारास. आपल्याकडे कितीतरी डॉक्टर अजून "वय झालं आता" एवढंच सांगून बीपीची गोळी लिहून देतात, त्यांचा पण दोष नाही म्हणा, पेशंटची रांगच एवढी असते.

होतं काय ते मला समजलं तसं सांगते. स्नायूत दोन प्रकारचे तंतू, एक दमाने काम करणारे आणि एक झटका देणारे. वय वाढलं की आधी झटक्याचे जातात, आणि खुर्चीतून उठायला, जिना चढायला, पाय अडखळला तर पटकन सावरायला नेमके तेच लागतात. त्यांना हुकूम देणाऱ्या नसा पण कमी होतात. म्हणून मांस जेवढं जातं त्याच्या कितीतरी पट वेगाने ताकद जाते. वरून लठ्ठपणा असला की स्नायूच्या आतच चरबी शिरते, मटण आणायला गेल्यावर एखादा तुकडा कसा पांढऱ्या रेघारेघांचा दिसतो, तसं. बाहेरून मांडी जाडच दिसते. आणि मग चक्र सुरू, जोर नाही म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून चरबी जास्त, चरबी जास्त म्हणून उचलायला बोजा जास्त. माझ्या मांड्यांना ७० किलोचं शरीर उचलायचं होतं आणि इंजिन होतं मोपेडचं.

पण मग माझं रोजचं चालणं? आठ वर्षांचं? हा प्रश्न मी तिला जवळजवळ भांडूनच विचारला. ती म्हणाली चालणं सोडू नका, हृदयाला, शुगरला, मनाला उत्तमच आहे, पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीला तिच्या ताकदीचा थोडासाच वाटा लागतो, स्नायू वाढायला कारणच मिळत नाही. आणि माझ्या डाएटने काय केलं असेल त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात सापडलं, २०१७ साली आलेला. पासष्टीच्या पुढचे १६० लठ्ठ लोक घेतले, काहींना आहार कमी करून चालण्यासारखा व्यायाम, काहींना आहार कमी करून वजनं उचलणं, काहींना दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. सहा महिने. व्यायामाच्या तिन्ही गटांचं वजन साधारण नऊ टक्के कमी झालं, म्हणजे काट्यावर सगळे सारखेच. पण चरबी सोडून बाकीचं जे शरीर, त्यात मुख्यतः स्नायू, ते चालण्याच्या गटाचं ५ टक्के गेलं, वजनं उचलणाऱ्यांचं फक्त २, दोन्ही करणाऱ्यांचं ३. कंबरेच्या हाडाची घनता पण चालणाऱ्यांचीच जास्त घटली. आणि उठबस, जिना, वस्तू उचलणं ह्यांची जी परीक्षा घेतली त्यात दोन्ही करणारे २१ टक्क्यांनी सुधारले, नुसतं एकच करणारे १४ टक्क्यांनी. मी तर काहीच उचलत नव्हते आणि डाळ पण सोडलेली. माझ्या सात किलोतलं किती काय गेलं हे काट्याला कुठून कळणार, आणि जे दोन किलो परत आले ते बहुतेक चरबीचेच.

आमच्या शेजारच्या वहिनी हल्ली ती वजन कमी करायची इंजेक्शनं घेतायत आठवड्याला एक, त्यांना पण मी हेच सांगितलं, भूक मेली की स्नायू पण जातो बरं, डॉक्टरांना विचारून काहीतरी उचलायला लागा. त्यांना आवडलं नाही. असो.

तर उचलणं. मी आधी जोशात जवळच्या एका जिममधे गेले होते, ते सांगायलाच हवं. तिथल्या पोराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला आंटी तुम्ही ट्रेडमिल करा, वजनं तुमच्यासाठी नाहीत, काही झालं तर आम्हाला प्रॉब्लेम. महिन्याचे पैसे मात्र वीस वर्षाच्या मुलाइतकेच. मी दोन दिवस ट्रेडमिलवर पार्किंगसारखीच चालले आणि सोडून दिलं.

त्या पोराला सांगायला पाहिजे होतं (तेव्हा मलाच माहीत नव्हतं) की १९९० मधे बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना पायाने वजन ढकलायला लावलं होतं, तेही लुटूपुटूचं नाही, ज्याला जास्तीत जास्त जेवढं एकदा उचलता येतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. जे शेवटपर्यंत टिकले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला. दोघांची काठी सुटली. नव्वदीत! आणि मग चार आठवडे बंद केल्यावर कमावलेल्यातलं बरंच परत गेलं, हे पण त्याच अभ्यासात आहे, ते मी दिवाळीत स्वतःवर अनुभवलं, तीन आठवडे फराळाच्या नावाखाली दांडी मारली आणि १४ सेकंदांवर आलेली मी परत १६ वर.

आमच्याकडे खरं तर ह्या गोष्टी नवीन नाहीत. सातारकडच्या माझ्या माहेरी गल्लीच्या टोकाला तालीम होती, तांबडी माती, मारुती, आणि पहाटे जोर-बैठकांचे हुंकार ऐकू यायचे. बाईने आत पाय टाकायचा नाही. पण आजी जात्यावर दोन पायली दळायची, विहिरीतून शेंदायची, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढायची, ती तिची तालीम. जुनं ते सोनं म्हणायचं नाहीये मला, त्या बायकांच्या कमरा चाळिशीत वाकायच्या, मला जातं परत नकोय. पण मिक्सर आला, नळ आला, लिफ्ट आली, आणि दंडाला-मांडीला जे काम होतं ते गेलं ते गेलंच, त्याच्या जागी आम्ही काही आणलंच नाही. चालायला गेलो.

आता मी काय करते ते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, मधे एक दिवस सुट्टी, कारण स्नायू भरतो तो आरामात. पस्तीस-चाळीस मिनिटं.

मुख्य गोष्ट खुर्चीवरची उठबस. डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवलेली, नाहीतर मागे सरकते. सुरुवातीला तिच्यावर दोन उशा ठेवल्या, कारण बैठक जितकी उंच तितकं उठणं सोपं, आणि मला साध्या उंचीवरून आठ वेळा उठता येतच नव्हतं. टाच गुडघ्याच्या जरा मागे, पावलांत वीतभर अंतर, आधी नाक बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं आणि मग ढुंगण उचलायचं. हे झुकणंच मी आयुष्यभर चुकवत होते, मी हाताने खुर्ची दाबून सरळ वर जायला बघायची. उठताना तोंडाने फू करत श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं, आमच्यासारख्या गोळीवाल्यांनी ते अजिबात करायचं नाही. आणि बसताना मनात एक-दोन-तीन म्हणत हळूहळू बसायचं, धपकन नाही. पहिल्या आठवड्यात त्या तिसऱ्या आकड्याला माझ्या मांड्या अशा थरथरायच्या की ह्यांना वाटलं मला फीट येतेय.

आठ वेळा, मग दोन मिनिटं बसायचं, परत आठ. शेवटच्या दोन वेळा अवघड जायला हव्यात, म्हणजे अजून दोन-तीन ओढून ताणून झाल्या असत्या पण पाच-सहा नक्की नाही, इतपत. सलग दोन दिवस बारा व्हायला लागल्या की पुढची पायरी. आधी एक उशी काढली, मग दुसरी काढली, मग छातीशी दोन किलोची कणकेची पिशवी धरली, आणि आता नातवाची जुनी शाळेची सॅक पुढच्या बाजूने अडकवते, त्यात पाच किलो तांदूळ. ही पायरी चढत राहणं हाच सगळा खेळ आहे असं मला वाटतं. आमच्या बागेत बायका वर्षानुवर्षं त्याच अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या वरखाली करताना दिसतात, पन्नास-पन्नास वेळा, गप्पा मारत. गप्पा मारता येतायत म्हणजे स्नायूला पत्ताच नाही.

बाकीचं थोडक्यात. ओट्याला हात टेकून तिरके जोर, ओटा धुवून कोरडा करून, नाहीतर हात घसरतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे टाचा वर-खाली, वीस. बाजारातून येताना दोन्ही हातात सारख्या वजनाच्या पिशव्या, ताठ चालत, रिक्षा न करता. बादली उचलताना कंबरेत न वाकता ढुंगण मागे काढून. आणि रबरी पट्टा, खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही कोपर मागे ओढायचे, त्याने पाठ भरते. ह्या पट्ट्यांचे रंग असतात, पिवळा सोपा, मग लाल, हिरवा, निळा असं कठीण होत जातं, बहुतेक कंपन्यांचं हेच. तैवानमधे साठीपुढच्या, माझ्यासारख्याच जाड-पण-अशक्त बायकांना नुसत्या ह्या पट्ट्यांवर बारा आठवडे व्यायाम देऊन बघितलाय आणि फायदा झालाय, तेव्हा लोखंड नाही म्हणून अडत नाही. फक्त पट्टा दर वेळी बघून घ्यायचा. मी माझा पिवळा पट्टा गॅलरीत उन्हात टांगून ठेवायची, त्याला बारीक भेगा पडल्या होत्या, आणि एका बुधवारी तो तुटून असा सण्णकन हनुवटीवर बसला की चार दिवस वळ होता. सगळ्यांना वाटलं पडले. पडले असते तर सांगायला तरी सोपं.

दुसरा घोळ मी केला तो खांद्याचा. पायाची ताकद भराभर वाढतेय बघून तांदळाची पाच किलोची पिशवी डोक्यावर उचलायला गेले, फिजिओला न विचारता. तीन आठवडे वेणी घालता येत नव्हती. ती रागावली, म्हणाली, "काकू तुम्ही विद्यार्थिनी चांगल्या आहात पण आगाऊ आहात." गुडघ्यांचं मात्र तिने एक सोपं गणित दिलं, व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं असेल तर चालू द्या, रात्री ठणकलं किंवा सूज आली तर वजन कमी करा, पण बंद करू नका. आणि ज्यांना छातीत दुखतं, बीपी हाताबाहेर आहे, हर्निया आहे, शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालाय, किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, हे माझं वाचून सुरू करायचं नाही, सांगून ठेवते.

पाटावरून उठायचं वेगळं शिकवलं. गादी टाकून. सरळ मांडीतून वर उसळायचं नाही, एका कुशीला वळायचं, दोन्ही हात टेकून चार पायांवर यायचं, मग मजबूत पाय पुढे, त्या गुडघ्यावर हात, आणि उठ. पहिल्या दिवशी पलंगाचा आधार घेऊन अकरा मिनिटांत तीनदा झालं, घाम नुसता. पण ते केल्यापासून रात्री बाथरूमला जाताना पडले तर काय ही जी भीती होती ती निम्मी झाली, कारण आता पडले तरी उठायची वाट माहीत आहे.

खाण्याचं. हिशोब मांडला तेव्हा लाज वाटली. आपल्या आयसीएमआरचं (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) म्हणणं धडधाकट माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं, आणि म्हाताऱ्या माणसांना १ ते १.२ तरी असावं असं ह्या विषयातले तज्ज्ञ म्हणतात, कारण वय झालं की तेवढ्याच खाण्यातून स्नायू कमी बनतो. म्हणजे मला साधारण सत्तर ग्रॅम. खात किती होते, तर पोहे, चहा-बिस्किट, आणि आमटी, जिच्यात डाळ शोधावी लागते. एका माणसाच्या वाट्याला कोरडी तीस ग्रॅम डाळ आली तर त्यातून सहा-सात ग्रॅम, बस. पस्तीस-चाळीसच्या वर जातच नव्हतं. आता सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं जाडसर धिरडं आणि वाटीभर दही, नाहीतर दोन अंडी (हे खात नाहीत, वेगळा तवा ठेवलाय), दुपारी घट्ट वरण किंवा उसळ, चार वाजता मूठभर फुटाणे, रात्री परत जेवते, दूध घेते. एकादशीला साबुदाणा बंद केला, त्यात स्टार्चशिवाय जवळजवळ काहीही नाही, त्याऐवजी भगर, दाण्याची आमटी आणि ताक. देवाला चाललं, जाऊबाईंना नाही चाललं. ज्यांच्या किडनीचं काही आहे त्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

आणि लगेच पावडरचा डबा आणायला धावू नका हो. बॉस्टनच्याच लोकांनी १९९४ मधे १०० वृद्धांवर, सरासरी वय ८७, दहा आठवडे हे पण बघितलं होतं, काहींना व्यायाम, काहींना नुसतं पौष्टिक पेय. व्यायामवाल्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय पिणाऱ्यांना त्या पेयाचा काही उपयोग झाला नाही.

आता निकाल. दहा महिन्यांनंतर माझं वजन ६८ आहे. म्हणजे एवढा आटापिटा करून काट्यावर फक्त एक किलो, भेटेल तो विचारतो आणि मी सांगितलं की तोंड वाकडं करतो. कंबर मात्र ९८ ची ९३ झाली (आपल्याकडच्या बायकांना ८० च्या आत हवी, तेव्हा दिल्ली लांब आहे), पकड १८ च्या जरा वर, खुर्चीची परीक्षा साडेअकरा सेकंद. लिफ्ट बंद होती तेव्हा चौथा मजला दूध घेऊन चढले, एकदाच थांबले. झाकणं मी उघडते. परवाच्या पूजेत पाटावर बसले आणि कुशीवर वळून, चार पायांवर येऊन, रांगत्या बाळासारखी उठले, दिसायला भयंकर, पण कुणाचा हात लागला नाही.

राहता राहिले आमचे हे. ७१ वय, सडपातळ, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२, आणि त्याचा भारी अभिमान. म्हणतात हे जाड लोकांचं आहे, मला कशाला. त्यांना मी पुण्याच्या केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो दाखवला, २००४ मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय साप्ताहिकात आलेला, ते आणि त्यांचे इंग्लंडचे मित्र जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या आत काय दडलंय हे दाखवायला स्वतःचाच नमुना मांडला त्या माणसाने. ह्यांनी फोटो बघितला, चष्मा पुसून परत बघितला, म्हणाले "कपडे चांगले घातलेत." मग मी खुर्ची ठेवली भिंतीला टेकवून. नको नको म्हणत हात आडवे घेतले. पाच वेळा, १६ सेकंद. "खुर्ची बुटकी आहे," म्हणाले, आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले.

ही गोष्ट झाली गेल्या महिन्यात. काल शुक्रवार, माझा लाल पट्टा खिडकीच्या गजावर नव्हता आणि डायनिंगची एक खुर्ची पण जागेवर नव्हती. बेडरूमचं दार आतून लावलेलं. मी हाक मारली नाही, कणीक भिजवायला घेतली. आतून दबक्या आवाजात ऐकू येत होतं, सहा.. सात.. मग बराच वेळ काहीच नाही.. मग आठ.